ग्रंथपालाला कायद्याचं काय विचारावं?



घरात एखादा सरकारी किंवा कोर्टाचा कागद आला की आपण कुणाकडे धाव घेतो? ओळखीचा वकील असेल तर त्याच्याकडे. नसेल तर शेजारचे निवृत्त कारकून, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि हल्ली थेट मोबाइल. वाचनालयात मात्र कुणी जात नाही. तिथं कादंबऱ्या आणि दिवाळी अंक मिळतात, एवढीच आपली समजूत असते. आज मला हे सांगायचंय की कायद्याच्या प्रश्नाची पहिली पायरी म्हणून वाचनालय ही फार चांगली जागा आहे. फक्त ग्रंथपालाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे आधी नीट कळलं पाहिजे.

मी वकील नाही आणि ग्रंथपालही नाही. सगळी नोकरी फौजेत झाली. निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झालो आणि इथल्या एका मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर काम करतो. पण हा प्रश्न मला फौजेतच भेटला. सुट्टीवरून परतलेला जवान चार घड्या घातलेला कागद खिशातून काढायचा. बांधाचा वाद, भावकीचा दावा, कोर्टाची तारीख. जवान सरहद्दीवर आणि तारीख गावच्या कोर्टात! आता गंमत अशी की सैनिकांच्या कोर्टकज्ज्यांसाठी १९२५ साली एक स्वतंत्र कायदा झालेला आहे. सैनिक विशेष परिस्थितीत तैनात असेल आणि हजर राहू शकत नसेल, तर ठरलेल्या अधिकाऱ्याच्या दाखल्यावर कोर्टाला त्याचा दावा पुढे ढकलावा लागतो. कायदा होता, पण ज्याच्यासाठी होता त्यातल्या कित्येकांना तो ठाऊक नव्हता. कायदा असणं आणि तो वेळेवर माणसाच्या हातात पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधलं अंतर कुणीतरी भरून काढावं लागतं.

एक उदाहरण

आमच्या वाचनालयात घडलेली एक गोष्ट सांगतो. नावगाव सांगत नाही.

एका हवालदाराच्या विधवा पत्नी. राहतात इंदूरला, माहेर सातारा जिल्ह्यातलं. वडील वारले. गावच्या चावडीवर वारस नोंदीची नोटीस लागली आणि पुतण्यानं तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. नोटिशीत दोन्ही भावांची नावं होती, यांचं नव्हतं. वर भावाचा फोन, ‘एक कागद पाठवतोय, त्यावर सही करून परत पाठव.’ तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र.

बाई मोबाइल घेऊन काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘ताई, मला वाटा मिळतो का, तेवढं बघून सांगा.’’

आमच्या ग्रंथपालताई तरुण आहेत, पण कामात पक्क्या. त्या म्हणाल्या, ‘‘काकू, वाटा मिळेल की नाही ते मी सांगणार नाही. ते वकील सांगतील. पण या नोटिशीत हरकतीला पंधरा दिवस दिलेत आणि त्यातले नऊ गेलेत. आधी तेवढं बघू.’’

मंडळी, या दोन वाक्यांत आजचा सगळा विषय आला. ताईंनी सल्ला दिला नाही, पण त्या गप्पही बसल्या नाहीत. कागदावर जे छापलेलं होतं पण बाईंच्या नजरेतून निसटलं होतं, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं.

मग त्यांनी पुढची कामं केली. जमिनीची नोंद ही महाराष्ट्रातली बाब, म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडली आणि कलम १५० समोर ठेवलं. फेरफाराला कुणी हरकत घेतली, मग ती तोंडी असो की लेखी, तर तलाठ्यानं ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंदवायची आणि हरकत घेणाऱ्याला लगेच लेखी पोच द्यायची, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. बाईंनी ते स्वतः वाचलं. ‘तोंडी सुद्धा चालते?’ एवढंच त्या म्हणाल्या.

वाट्याचा प्रश्न मात्र राज्याच्या कायद्यातला नाही, केंद्राच्या कायद्यातला आहे. म्हणून दुसरं पुस्तक निघालं, हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६. त्यात २००५ साली झालेली दुरुस्ती, जिनं मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. आणि सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२० चा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००५ ला, वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, असं त्यात म्हटलंय. हे सगळं ताईंनी दाखवलं. पण बाईंची जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली, आधी वाटणी झालेली की नाही, मृत्युपत्र आहे की नाही, यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तो प्रांत वकिलाचा.

आणि शेवटचं काम म्हणजे वकिलाचं दार दाखवणं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ताईंनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी बाई तिथं गेल्या. वकील मिळाले, हरकतीचा अर्ज तयार झाला, मुदतीत गावी पोचला आणि त्याची पोचही मिळाली. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हे त्यांनी वकिलाशी बोलून मग ठरवलं. प्रकरण अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते लागो, पण बाईंचं म्हणणं दप्तरात नोंदलं गेलं.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. फेरफार किंवा सातबारावरच्या नोंदीमुळे मालकी ठरत नाही, ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेक वेळा सांगितलंय. म्हणजे हरकतीची मुदत हुकली म्हणून वारसाहक्क बुडत नाही. पण नंतर ती नोंद बदलून घ्यायला किती हेलपाटे पडतात, ते ज्यानं घातलेत त्याला विचारा.

रेघ कुठं मारायची?

फौजेत नकाशावाचन शिकवतात. ही टेकडी, हा नाला, हा पूल, हे नकाशा वाचणारा सांगतो. हल्ला कुठून करायचा ते कमांडर ठरवतो. ग्रंथपाल म्हणजे नकाशा वाचून दाखवणारा. निर्णय तुमचा आणि तुमच्या वकिलाचा.

ही रेघ नुसत्या सभ्यतेची नाही, कायद्याची आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ प्रमाणे वकिली करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत वकिलाला आहे. परदेशी वकिलांच्या एका प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की वकिली म्हणजे केवळ कोर्टात उभं राहणं नव्हे. कायदेशीर मत देणं, दस्तऐवजांचे मसुदे करणं हेही त्यात येतं. म्हणून ग्रंथपाल ‘या बाबतीत मी काही सांगू शकत नाही’ म्हणाले तर रागावू नका. ते तुमच्याच हिताचं आहे. चुकीच्या सल्ल्याची जबाबदारी वकिलावर टाकता येते, काउंटरवर सहज बोलल्या गेलेल्या वाक्याची टाकता येत नाही.

तेव्हा प्रश्न कसा विचारायचा? ‘मी केस जिंकेन का?’ हा वकिलाचा प्रश्न. ‘यावर कुठला कायदा आहे, तो दाखवाल का?’ हा ग्रंथपालाचा. ‘मी अपील करू का?’ हा वकिलाचा. ‘अपिलाची मुदत कायद्यात कुठं लिहिलीय?’ हा ग्रंथपालाचा. आणि मुदतीचा प्रश्न नेहमी सगळ्यात आधी. ग्राहक आयोगात तक्रार करायला कारण घडल्यापासून २ वर्षं. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे अपील ४५ दिवसांत. माहिती अधिकारात सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नंतर पहिलं अपील ३० दिवसांत आणि दुसरं ९० दिवसांत. उशीर माफ करण्याची सोय अनेक ठिकाणी असते, पण तिच्या भरवशावर राहू नये. बरोबर असलेली माणसंसुद्धा तारीख चुकल्यामुळे हरतात.

जुना नकाशा आणि दुसऱ्या मुलखाचा नकाशा

कायद्याच्या पुस्तकांत दोन मोठे खड्डे आहेत. चांगला ग्रंथपाल नेमका तिथं उपयोगी पडतो.

पहिला खड्डा जुन्या पुस्तकाचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा गेले. त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. आपण फसवणाऱ्याला ‘चारसोबीस’ म्हणतो, पण नव्या संहितेत कलमंच ३५८ आहेत, ४२० येणार कुठून? फसवणूक आता कलम ३१८ मध्ये आहे. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली आणि नव्या संहितेतलं ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्यासाठी बोललेल्या शब्दांबद्दल आहे. जुनं पुस्तक घेऊन पोलीस ठाण्यात गेलात तर काय गोंधळ होईल, विचार करा.

मग जुनी पुस्तकं रद्दीत टाकायची का? अजिबात नाही. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते. असे खटले अजून कित्येक वर्षं चालतील. म्हणून कपाटात दोन्ही हवीत आणि प्रत्येकावर ठळक चिठ्ठी हवी, ‘या तारखेपर्यंत’ आणि ‘या तारखेपासून’. एवढं काम कुठलंही लहान वाचनालय एका दुपारी करू शकतं.

दुसरा खड्डा खास आपल्यासाठी, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसासाठी. आपण मराठी पुस्तक वाचतो, कारण ते समजतं. पण मराठीतली कायद्याची बहुतेक पुस्तकं पुण्या-मुंबईत छापली जातात आणि महाराष्ट्राचा कायदा सांगतात. भाषा आपली असली तरी कायदा आपल्या राज्याचा असेलच असं नाही. भाडेकरूचा प्रश्न घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ वाचून इंदूरच्या घरमालकाशी भांडता येत नाही. इथं मध्य प्रदेशचा १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. मुद्रांक शुल्काचे दर, जमिनीची दप्तरं, त्यांची नावं, सगळं राज्याराज्यात बदलतं. महाराष्ट्रात जो फेरफार, तो मध्य प्रदेशात नामांतरण. मृत्युपत्राला हिंदीत वसीयत म्हणतात. गोव्यात तर मृत्युपत्राचा कायदाच निराळा. पोर्तुगीज परंपरेतून आलेल्या तिथल्या उत्तराधिकार कायद्यात मुलांसारख्या वारसांसाठी अर्धी मिळकत राखून ठेवलेली असते. सगळी मिळकत हवी त्याला देऊन टाकता येत नाही. पुण्याचं पुस्तक वाचून मडगावात मृत्युपत्र केलं तर पंचाईत होईल.

तेव्हा ग्रंथपालाचा दुसरा प्रश्न असा असायला हवा, ‘‘ही मिळकत कुठल्या राज्यातली? हा प्रकार कुठं घडला?’’ तो त्यांनी विचारला नाही, तर तुम्ही आपणहून सांगा.

शब्दांसाठीही वाचनालयात सोय असते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी असला की इंग्रजी नोटिशीतल्या शब्दाला मराठी शब्द सापडतो. आणि ही गरज आजची नाही. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथालय-तज्ज्ञ बोलावले आणि संस्थानात मोफत सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभी केली. त्याच बडोद्यात राज्यकारभाराच्या आणि कायद्याच्या शब्दांचा अनेक भाषांतला ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ तयार झाला. वाचनालय आणि समजणाऱ्या भाषेतला कायदा, दोन्ही एकाच राजाला महत्त्वाचं वाटलं, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

मोबाइलवर सगळं मिळतं की!

हा आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो. खरं आहे. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर फुकट आहेत. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर वर आहेत, काहींचे मराठी अनुवादही आहेत. पण आपण तिथं जातो का? आपण वाचतो तो फॉरवर्ड. ‘सुप्रीम कोर्टाचा मोठा निर्णय’ असं लाल अक्षरात लिहिलेला, ज्यात ना तारीख, ना पक्षकारांची नावं.

आता त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडलीय. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले निकाल कोर्टात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड केला. जिथं वकील फसले तिथं आपली काय कथा? असा एखादा निकाल हाती आला तर तो ग्रंथपालाकडे न्या आणि एवढंच म्हणा, ‘‘हा खरोखर आहे का, ते मूळ जागी बघून द्याल का?’’ हे शंभर टक्के त्यांचं काम आहे.

आणि एक गोष्ट मोबाइल देऊ शकत नाही, ती म्हणजे गुप्तता राखणारा माणूस. घटस्फोटाचं किंवा घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचं पुस्तक कुणी मागितलं, हे काउंटरच्या बाहेर जाता कामा नये. लहान गावात तर नाहीच. आमच्या वाचनालयात कायद्याची पुस्तकं घरी न नेता आत बसून वाचली, तर रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागत नाही. नियम साधा आहे, पण त्यामुळे बायका न घाबरता येतात.

आता तुम्ही काय कराल?

तीन गोष्टी सांगतो.

एक. कागद घेऊन जाताना पूर्ण न्या, पाकिटासकट. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख कधी कधी आतल्या मजकुरापेक्षा महत्त्वाची ठरते. जाण्याआधी वेगळ्या कागदावर लिहा, कुणी पाठवलं, केव्हा मिळालं, कुठल्या राज्यातली बाब आहे, मुदत किती.

दोन. वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असाल तर एक कपाट कायद्याचं करा. त्यात भारताचं संविधान, नव्या-जुन्या फौजदारी संहिता, आपल्या राज्याचे भाड्याचे आणि जमिनीचे कायदे, माहिती अधिकार, ग्राहक संरक्षण, न्यायव्यवहार कोश. यांच्या बेअर अ‍ॅक्टच्या प्रती तशा स्वस्त असतात. प्रत्येकावर छपाईचं वर्ष दिसू द्या. भिंतीवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि १५१०० लिहून ठेवा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, या सगळ्यांना तिथं मोफत वकील मिळू शकतो. माजी सैनिकांनी जिल्हा सैनिक बोर्डातही चौकशी करावी. नालसानं २०२५ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केलीय, तिची मदत केंद्रं सैनिक बोर्डांशी जोडलेली आहेत.

तीन. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी लिहा. माहिती अधिकार कायद्यात माहिती अधिकाऱ्यावरच ही जबाबदारी टाकलीय की अर्जदाराला लिहिता येत नसेल तर त्याचं तोंडी म्हणणं लेखी करून घ्यायला मदत करायची. त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये सरकारी कार्यालयांनी स्वतःहून काय जाहीर करायचं त्याची यादी आहे आणि तिच्यात लोकांसाठी वाचनालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या वेळाही येतात. म्हणजे माहिती मिळवण्याची जागा म्हणून वाचनालय कायद्यालाही ठाऊक आहे. ते आपल्याला ठाऊक व्हायचं राहिलंय.

या आठवड्यात तुमच्या गावातल्या वाचनालयात एक चक्कर मारा. ग्रंथपालांना विचारा, ‘‘कायद्याची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत, आणि कुठल्या सालची?’’ उत्तर चांगलं आलं तर त्यांचं कौतुक करा. नाही आलं, तर एखादं पुस्तक भेट द्या.

जय हिंद.